जुन्या साड्यांच्या तुकड्यांतून पहिलं जॅकेट: कापड पारखण्यापासून आरसे लावण्यापर्यंत

माझं पहिलं तुकड्यांचं जॅकेट शिवायला चार महिने लागले आणि ते पहिल्याच धुण्यात गेलं. सासूबाईंच्या इरकलीचा लाल काठ पाण्यात उतरला, शेजारच्या मोतिया तुकड्यांवर गुलाबी ओघळ आले. आतलं कोरं अस्तर आटलं आणि पाठीवरचं कापड ढगासारखं फुगून बसलं. शिवण वाईट नव्हती. टाके सारखे होते, आरसेही घट्ट होते. चुकलं होतं ते मशीनवर बसण्याच्या आधीच. मी ज्या शिवणक्लासला जात होते तिथे ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस छान शिकवत, पण तुकडे जोडून कापड कसं तयार करायचं आणि त्या कापडाचे कपडे कसे बेतायचे, हे तिथे कुणी सांगितलं नाही. त्यानंतर पाच जॅकेटं शिवली. त्यांत जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच मनात धरा. गोधडी अंथरुणावर पडून असते. जॅकेट घालून तुम्ही बसणार, हात वर करणार, बसमध्ये दांडा धरणार, घामाने भिजणार आणि मग ते धुणार. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोनच प्रश्न विचारायचे: हे अंगावर नीट बसेल का? आणि बादलीतून सुखरूप बाहेर येईल का?

तुकड्यांचे कपडे आपल्याला नवे नाहीत. बाळाचं अंगडं-टोपडं जुन्या मऊ कापडातूनच बेततात, खणाच्या तुकड्यांची कुंची शिवतात, पानसुपारीची चंची रंगीत त्रिकोणांची असते. लमाण बायकांच्या फेटिया-कांचळीवर (घागरा-चोळीवर) तुकडे, आरसे, कवड्या आणि धावदोरा (वर-खाली जाणारा साधा टाका) इतके एकजीव असतात की कापड कुठे संपलं आणि नक्षी कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. गाडगेबाबा तर चिंध्या जोडलेलं वस्त्र पांघरून गावोगाव फिरले, लोक त्यांना गोधडेबुवाच म्हणत. तेव्हा ‘ठिगळं कशी घालायची’ असा संकोच असेल तर तो बाजूला ठेवा.

१. आधी काय शिवायचं ते ठरवा

पहिल्या खेपेला बिनबाह्यांचं, बिनकॉलरचं, समोरून उघडं, सरळ कापाचं जॅकेट घ्या. लांबी कमरेखाली चार-पाच इंच. चुण्या नको, टक्स नको. तुकड्यांचं कापड जाड असतं, त्यात टक्स घातला की तिथे गाठोडं होतं. बाह्या लावायच्या तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो त्या गोलाईत, चार-पाच थर एकत्र येतात आणि घरगुती मशीन तिथे अडतं. बाह्यांचं जॅकेट तिसऱ्या खेपेला करा.

ब्लाउजपासून सुरुवात करू नका. ब्लाउज अंगाला घट्ट असतो, त्यामुळे प्रत्येक जोडावर ताण येतो आणि जुनं कापड शिवणीलगत फाटतं.

२. साहित्य जमवा

– वरच्या थरासाठी जुने तुकडे. एका साडीचा धड राहिलेला अर्धा भागसुद्धा जॅकेटला पुरून उरतो. चार-पाच साड्या घ्यायच्या त्या रंगांसाठी.
– खालच्या थरासाठी मांजरपाट (कोरं, साधं सुती कापड) दीड मीटर. जुनं सुती धोतर मिळालं तर ते मांजरपाटाहून चांगलं, कारण ते आटायचं तेवढं आटलेलं असतं आणि मऊही असतं.
– अस्तरासाठी पातळ सुती कापड दीड मीटर.
– क्रॉस पट्टीसाठी (कडा बंद करायची तिरपी कापलेली पट्टी) एकरंगी सुती कापड अर्धा मीटर.
– मशीनच्या सुया: सुतीला १४ नंबर, रेशमाला ११, आणि जिथे काठावर काठ येतो तिथे १६.
– शिलाईचा चांगला दोरा, एखादा मध्यम करडा. बहुतेक सगळ्या रंगांत तो मिसळून जातो, सारखं रीळ बदलावं लागत नाही.
– भरतकामाचा सहा पदरी दोरा, हाताच्या सुया, टाचण्या, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी).
– कापडाची कात्री वेगळी, कागदाची वेगळी. ही अट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.
– पाव इंचाच्या खुणा असलेली पारदर्शक मोजपट्टी, मेजरिंग टेप, टेलरचा खडू, टाके उसवायचा कटर.
– इस्त्री. मशीनच्या उजव्या हाताला, चालू स्थितीत.

चाकासारखा फिरणारा कटर आणि त्याच्याखालची चटई बाजारात मिळते, काम झपाट्याने होतं. पण पहिल्या जॅकेटसाठी तो खर्च करू नका.

लेस, मणी, आरसे, कवड्या पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला मिळतात. कापडासाठी मंगलदास मार्केट आहेच. पण त्याआधी आपल्या नेहमीच्या शिंप्याकडे जा. ब्लाउज बेतल्यावर उरलेले हातभर तुकडे तो बहुतेक वेळा आनंदाने देतो, आणि त्यांतले रंग आपण स्वतः कधीच निवडले नसते असे असतात.

३. कापड पारखा: उजेड, ओढ, आग, पाणी

या टप्प्याला दोन पूर्ण दिवस द्या. माझं पहिलं जॅकेट इथेच वाया गेलं होतं.

उजेड: साडी खिडकीसमोर धरा. विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. बसताना दबणारा भाग आणि निऱ्यांच्या घड्या आधी विरतात. आत खोचला जाणारा पहिला वेढा बहुधा धड असतो. विरलेल्या भागाचा मोह सोडा, मग त्यावरची बुट्टी कितीही सुंदर असो.

ओढ: कापड दोन्ही अंगठ्यांत धरून झटका द्या, एकदा उभ्या धाग्याच्या दिशेने, एकदा आडव्या. ‘टर्र’ असा बारीकसा आवाज आला तरी ते बाद. जुनं रेशीम दिसायला टवटवीत असतं आणि घडीवर मात्र चिरतं. पैठणीचा काठ वापरायचाच असेल तर मागे पातळ पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) चिकटवून मग कापा, आणि इस्त्री वर सुती कापड ठेवूनच फिरवा.

आग: कोपऱ्यातले दोन-तीन धागे ओढून, चिमट्यात धरून, वाटीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची हलकी राख होते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा खणासाठी मुद्दाम करा. खणाचं माहेर बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड, तिथला हातमागावरचा खण सूत आणि रेशमाचा असतो. बाजारात ‘खण’ म्हणून जे ढिगाने मिळतं त्यात कृत्रिम धागा पुष्कळ असतो. ते कापड वाईट आहे असं नाही, पण सुती तुकड्यांसाठी तापवलेली इस्त्री त्यावर ठेवलीत तर ते आक्रसतं आणि पट्टी वाया जाते.

पाणी: हा सगळ्यांत मोठा सापळा. प्रत्येक कापडाचा दोन बोटांएवढा तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग ओला असतानाच पांढऱ्या रुमालात घालून वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर डाग आला तर त्या साडीचा रंग सुटतो आहे. ती वेगळी, पुन्हा पुन्हा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाच-सहा धुण्यांनंतरही रंग जातच असेल तर ती फक्त गडद तुकड्यांच्या संगतीत वापरा किंवा ठेवून द्या. लाल, काळा, गर्द निळा आणि मोरपंखी यांच्यावर कधीही आंधळा विश्वास टाकू नका.

मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. मी इरकलीवर तीनदा करून पाहिलं, रंग उतरायचा तो उतरलाच. कापड रंगवताना रंग धाग्यात शिरायला मीठ मदत करतं. एकदा रंगवलेल्या कापडातला सुटा रंग ते धरून ठेवत नाही.

कोरं कापड, म्हणजे मांजरपाट आणि अस्तर, गरम पाण्यात दोनदा भिजवून वाळवा. ते आत्ता आटू द्या, अंगावर गेल्यावर नको.

शेवटी मऊ तुकड्यांना तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्या आणि अर्धवट ओले असताना इस्त्री करा. खळ दिलेलं मलमलसुद्धा कागदासारखं सरळ कापलं जातं. नवशिक्या हाताला याहून मोठी मदत नाही, आणि ती स्वयंपाकघरातच असते.

४. कागदावर बेता, चादरीवर शिवून पाहा

तुम्हाला छान बसणारा सैलसर कुर्ता वर्तमानपत्रावर पसरून त्याच्या कडेने रेघ मारा. छाती ३६ असेल तर जॅकेटचा घेर ४१ इंच तरी हवा. कुर्त्याला चार इंच सैल पुरतं, इथे थरांची जाडी आत जागा खाते म्हणून एक इंच जास्त. मुंढा पाऊण इंच खाली घ्या, आत कुर्ता असणार आहे.

मग एखाद्या जुन्या चादरीचं कच्चं जॅकेट शिवा. हात वर करा, खाली वाका, खुर्चीत बसा. खांदा उतरतो का, पाठ ओढली जाते का ते आरशात पाहा. ही दीड तासाची मेहनत बहुतेक जण टाळतात. तुकड्यांचं कापड तयार झाल्यावर मुंढा अपुरा आहे असं कळलं तर वाढवायला कापड उरलेलं नसतं.

५. पाव इंचाची सवय करा

तुकडे जोडताना मार्जिन, म्हणजे कडेपासून टिपेपर्यंतचं अंतर, पाव इंच, प्रत्येक वेळी तेवढंच. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीची रेघ लावा आणि कापडाची कड तिला धरून चालवा. नजर सुईवर नको, त्या रेघेवर हवी.

हिशेब असा: ३ इंचांचा चौकोन कापलात की शिवल्यावर अडीच इंच उरतो. असे १० चौकोन जोडले की ओळ ३० इंचांची होत नाही, साडेपंचवीस इंचांची होते. आता प्रत्येक जोडात धाग्याएवढी, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाएवढी चूक झाली तर नऊ जोडांत, दोन्ही बाजू धरून, इंचाहून जास्त फरक पडतो. मग वरची ओळ खालच्या ओळीला जुळत नाही आणि माणूस ओढून-ताणून जुळवायला जातो. ओढू नका. उसवा.

खणाला पाव इंच पुरत नाही, त्याचे धागे भराभर सुटतात. तिथे अर्धा इंच ठेवा.

चिंध्यांवर सराव करा. चार-चार तुकडे जोडून, इस्त्री करून मोजा. सलग तीन नमुने बरोबर आले की पुढे जा.

६. पट्ट्या मांजरपाटावर बसवा

पहिल्या जॅकेटसाठी चौकोन जुळवण्याच्या फंदात पडू नका. पट्ट्या मांजरपाटावर ‘शिवून पलटायच्या’ पद्धतीत कोपरे जुळवावे लागत नाहीत, कापड ताणलं जात नाही, आणि खालचा थर आपोआप मिळतो.

मांजरपाटाचे तीन तुकडे घ्या: एक पाठ, दोन समोरचे पल्ले. प्रत्येक तुकडा कागदी नमुन्यापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठा हवा. नेमका आकार आत्ता कापू नका, ते नंतर सांगते.

आता पट्ट्या जमिनीवर पसरा. सगळे तुकडे आवडते म्हणून शेजारी-शेजारी मांडले की गर्दी होते. फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं तर जुळणीत उजेड-अंधार नाही असं समजा, रंग वेगवेगळे असले तरी. मग दोन-चार फिके तुकडे घाला, एखादा अगदी गडद. साध्या विणीच्या पट्ट्या मध्ये मध्ये हव्यातच. बुट्टीशेजारी बुट्टी, काठाशेजारी काठ असं झालं की दोघांचंही तेज जातं.

जागेचं भान ठेवा. मोठी कोयरी किंवा गोल बुट्टा छातीवर येऊ देऊ नका. त्याची जागा पाठीवर, खांद्यांच्या मधोमध. पोटाच्या सगळ्यांत रुंद भागावर आडवा झळाळता काठ आणू नका, तोच काठ उभा लावला तर अंग सरळ दिसतं. समोरचे दोन पल्ले एकमेकांची तंतोतंत नक्कल असायला हवेत असं नाही, पण एखादा रंग दोन्हीकडे एकाच उंचीवर असू द्या.

शिवायचं असं. पहिली पट्टी मांजरपाटाच्या मधोमध सुलट बाजू वर करून ठेवा. दुसरी तिच्यावर उलटी ठेवा, सुलटला सुलट, उजव्या कडा जुळवून. कडेपासून पाव इंचावर दोन्ही पट्ट्या आणि मांजरपाट यांतून एकत्र टीप मारा. आता वरची पट्टी उजवीकडे पलटा. नखाने शिवण दाबा, मग इस्त्री. इस्त्री घासू नका, उचलायची आणि ठेवायची, घासलीत की पट्टी कमानीसारखी वाकते. मग तिसरी पट्टी दुसरीच्या मोकळ्या कडेवर. एक बाजू भरली की मधून डावीकडे जा.

प्रत्येक पट्टीनंतर इस्त्री. चार पट्ट्या शिवून मग एकदम करू म्हटलंत की पट्ट्यांखाली पोकळी राहते, आणि ती पोकळी पुढे धावदोऱ्यात चुणी होऊन दिसते.

टाके इंचाला दहा ते बारा. जुन्या कापडाला याहून बारीक टाका घातला तर सुईची भोकंच कापड कापतात.

७. धावदोरा घाला, मग कापा

पट्ट्या बसल्या की वरचा थर आणि मांजरपाट धावदोऱ्याने एकजीव करायचा. मध्ये कापूस घालू नका, आपल्या हवेत असं जॅकेट डिसेंबरचे तीन आठवडे सोडले तर कपाटातच राहतं.

आधी मधून बाहेर अशा रेषांत मोठ्या टाक्यांचा कच्चा दोरा (नंतर काढून टाकायचा) घाला. मग सहा पदरी दोऱ्यातले दोन किंवा तीन पदर घेऊन धावदोरा. ओळींत बोटभर अंतर, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुईवर तीन-चार टाके घेऊन एकदम ओढा, प्रत्येक टाका वेगळा ओढलात तर रेघ नागमोडी होते. दोरा ओढल्यावर कापड बोटाने मागे सरकवून मोकळं करा. कापडावर बारीक लाट दिसली पाहिजे, चुणी नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हळियाळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. सिद्दी मूळचे आफ्रिकेतून आलेले. कवंदीचं काम कडेपासून सुरू होतं आणि फेरे घेत मध्याकडे येतं, तुकडे वाटेत एक-एक करून धावदोऱ्याखाली घेतात. चारही कोपऱ्यांना कापडाची छोटी घडी लावतात, तिला ‘फुलं’ म्हणतात. कोपऱ्याला फुलं नसतील तर कवंदी उघडी वाटते असं त्या मानतात. मी माझ्या तिसऱ्या जॅकेटच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना तशी घडी लावली. ही खूण कुणाची आहे, ते कुणी विचारलं की आवर्जून सांगते. तुम्हीही घेतलीत तर सांगा.

धावदोऱ्याने कापड आकसतं. माझी २२ इंचांची पाठ दाट धावदोऱ्यानंतर सव्वाएकवीस भरली. म्हणूनच आधी नेमकं कापायचं नाही. धावदोरा पूर्ण झाल्यावर इस्त्री करा, कागदी नमुना ठेवा आणि आता कापा. कापल्याबरोबर कडेपासून इंचाच्या आठव्या भागावर सगळीकडे एक टीप मारून घ्या, नाहीतर धावदोऱ्याची टोकं सुटत जातात.

८. आरसे, कवड्या, मणी

सजावट आत्ताच करायची, जोडणी आणि अस्तराच्या आधी. म्हणजे मागच्या गाठी अस्तराखाली झाकल्या जातात आणि अंगाला टोचत नाहीत.

खडूने आधी ‘बंदी’ची जागा आखा: प्रत्येक शिवणीपासून एक इंच, खांद्यावर पिशवीचा पट्टा येतो ती जागा, पाठ खुर्चीला टेकते तो भाग आणि काखेखालची बाजू. इथे मणी-आरसे नको. शिवणीजवळ मणी असला तर मशीनच्या पायाला अडतो आणि सुई तुटते. खुर्चीला टेकणाऱ्या भागातले आरसे महिन्याभरात सैल होतात. उरलेल्या जागेत हवं ते करा: समोरच्या कडेने, खांद्याच्या खाली, पाठीच्या वरच्या भागात.

आरसा लावायची रीत. पाऊण इंचाचा आरसा घ्या. कडेवर बोट फिरवून पाहा, धार लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासा. ही धार दोरा आतून कापते आणि आरसा कधी पडला ते कळतही नाही. तीन पदरी दोरा. सुई आरशाच्या वरच्या कडेलगत, मध्याच्या थोडी डावीकडे, कापडाच्या मागून पुढे काढा, आरशावरून सरळ खाली नेऊन खालच्या कडेला मागे घाला. थोडं अंतर सोडून तसाच दुसरा. हे दोन उभे धागे झाले. मग दोन आडवे, पण ते उभ्या धाग्यांना एकदा वेढा देत न्यायचे. आरशाच्या मधोमध छोटा चौकोन दिसला पाहिजे. हे धागे ताठ हवेत, बोटाने हलवल्यावर आरसा हलता कामा नये. मग त्या चौकोनाच्या आतून सुई घालून काजाच्या टाक्यासारखा टाका घ्यायचा, लगेच आरशाच्या कडेला कापडातला छोटा टाका, पुन्हा चौकोनातून. असं गोल फिरत गेलं की चौकोनाचे धागे बाहेर ओढले जातात आणि आरशाभोवती दोऱ्याची गोल चौकट उभी राहते. पहिले पाच आरसे वाकडे येतील. सहावा आला की हात बसतो.

कवडी लावायची तर मागून घासून सपाट केलेली घ्या, नाहीतर ती पालथी पडत राहते. मणी ओवताना दर तीन-चार मण्यांनंतर मागे गाठ मारा, दोरा तुटला तर चारच मणी जातील.

वजन पाहा. मी जॅकेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. सातशे ग्रॅमपर्यंतचं दिवसभर घालता येतं, किलोच्या वर गेलेलं दोन तासांत मानेला लागतं. न्यूझीलंडमध्ये १९८७ साली नेल्सनला सुरू झालेली आणि २००५ पासून वेलिंग्टनला होणारी अंगावर घालायच्या कलाकृतींची मोठी स्पर्धा आहे. तिथली वस्त्रं पाहिली की वाटतं काहीही अंगावर चढवता येतं. पण ती रंगमंचावर काही मिनिटं मिरवायची असतात. तुम्हाला हे घालून बाजारात जायचं आहे.

आणि एक नमुना कराच: सहा इंचांचा चौकोन, त्यात जॅकेटमधलं प्रत्येक कापड, एक आरसा, एक कवडी, दोन मणी, थोडा धावदोरा. तो तीनदा धुवा. जे काही बिघडायचं असेल ते त्या सहा इंचांत बिघडू द्या. हा नमुना आरसे लावायला बसण्याआधी करा, जॅकेट पूर्ण झाल्यावर नाही.

९. जोडणी, अस्तर, क्रॉस पट्टी

वरच्या तुकड्यांचे खांदे आणि दोन्ही बाजू जोडा, मार्जिन अर्धा इंच, १६ नंबरची सुई, सावकाश. काठावर काठ आला तर हाताने चाक फिरवून टाके घ्या. मार्जिन दोन्हीकडे फाकवून इस्त्री करा. अस्तर तसंच वेगळं जोडा. खिसा हवा असेल तर तो आत्ताच अस्तरावर लावा, नंतर सुचतो आणि मग राहूनच जातो.

दोन्हींच्या उलट बाजू एकमेकींना लावून कडेने टाचण्या आणि कच्चा दोरा. आता क्रॉस पट्टी. पट्टीचं कापड कोपऱ्यात तिरपं दुमडा, त्या घडीला समांतर दीड इंचाच्या पट्ट्या कापा आणि जोडत जा. छाती ३६ च्या जॅकेटला चार मीटर पुरते. सरळ धाग्याची पट्टी वापरू नका, ती गळ्याला आणि मुंढ्याला वळत नाही, चुण्या पडतात. पट्टी वरच्या बाजूने मशीनवर लावा, गळ्याच्या गोलाईत किंचित ताणून, बाहेरच्या कोपऱ्यांवर सैल सोडून. मग आत वळवून हाताने हेम करा. हेमच्या टाक्यात फक्त अस्तर घ्या, सुई बाहेर डोकावली तर महिन्यांच्या कामावर ठिपके दिसतात.

एकूण वेळ? नोकरी-घर सांभाळून शनिवार-रविवार बसलात तर तीन महिने धरा. त्यातला अर्धा धावदोरा आणि आरशांत जातो, आणि तो भाग गप्पा मारत, रेडिओ ऐकत करता येतो.

१०. धुणं आणि डागडुजी

उलटं करून, गार पाण्यात, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात पाच मिनिटं बुचकळा. भिजत ठेवून विसरू नका. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सावलीत आडवं पसरून वाळवा, दोरीवर लटकवलं तर ओल्या वजनाने खांदे ओघळतात. इस्त्री आतून, खाली जाड टॉवेल घालून.

जुनं कापड कधीतरी फाटणारच, आणि ते एकदम सगळीकडे फाटत नाही. प्रत्येक कापडाची एक लांब पट्टी, थोडा दोरा, दोन आरसे असं सगळं एका पाकिटात घालून ते जॅकेटच्या खिशातच ठेवा. जिथे विरेल तिथे कडा आत दुमडून वरून तुकडा ठेवा आणि त्याच धावदोऱ्याच्या ओळी पुढे चालवा. माझ्या दुसऱ्या जॅकेटच्या डाव्या खिशावर असे तीन तुकडे चढले आहेत. तिसरा लेकीच्या शाळेच्या गणवेशातला आहे, कारण पाकिटातली पट्टी तोवर संपली होती.